काठीवर उभा मासा

आज वर्गात लय भारी घडलं.

विट्याजवळच्या आमच्या शाळेत मी पोरांना खोल समुद्रातल्या माशाचा व्हिडिओ दाखवत होते. हा मासा तळाच्या अंधारात, पंखांच्या तीन लांब काड्यांवर, प्रवाहाकडे तोंड करून तासन्‌तास उभा राहतो. "का बरं?" मी विचारलं.

दारात मेंढपाळ बिरूआजोबा काठीवर रेलून उभे होते. कळप कोकणात न्यायचा म्हणून नातीचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आलेले.

"आवं बाई, आमीबी वाऱ्याकडं तोंड करून असंच हुबं ऱ्हातो. लांडग्याची चाहूल वाऱ्यावरच लागती. ह्येचं खाणं वाहत्या पाण्यातनं येत आसंल."

अगदी बरोबर उत्तर!

दाखल्याचा विषय त्यांनी पुन्हा काढलाच नाही. जाताना एवढंच विचारलं, "उद्या कंचा मासा दावणार?"

सांगा ना, कोणता दाखवू?