चानीचा तुकडा

पडवीत चुलीच्या वर दोरीला चान्या टांगल्या आहेत. मटणाच्या या बोटभर रुंद पट्ट्या मीठ, हळद, तिखट लावून आम्ही धुरावर वाळवतो. दीड किलोचं वाळून जेमतेम अर्धा किलो उरतं आणि मुलं येता-जाता चघळून तेही आठवड्याच्या आत संपवतात.

चान्या झाल्या की नाही, हे आमच्याकडे वडील ठरवतात. तुकडा दातांत धरून ओढून बघायचा. आत ओल राहिली तर बुरशी येते आणि सगळंच फेकावं लागतं. यंदा वडिलांना कवळी बसवली आहे. आज त्यांनी तुकडा तोडला, तोंडापर्यंत नेला आणि माझ्यासमोर धरला.

"बघ."

"त्याला काय विचारता?" आई म्हणाली. "चहात साखर नसली तरी त्याला कळत नाही."

"दात त्याचे आहेत ना," वडील म्हणाले.

मी चावून पाहिलं. पाणी किती उडालं ते मी वजन करून सांगू शकतो. धूर किती मुरला ते काट्यावर दिसत नाही. घरातला शेवटचा शब्द एकाकडून दुसऱ्याकडे जातो, तोही तसाच. त्याची नोंद कुठे होत नाही.

तुकडा मध्ये किंचित मऊ लागला.

"अजून एक दिवस," मी म्हणालो.

चान्या भरायला आणलेला डबा वडिलांनी पुन्हा फळीवर ठेवला आणि विझत आलेल्या चुलीत एक लाकूड सारलं.