कोकराची आई आणि गेलेली लाइट

वाचनालयाच्या मंडळींनो, आज सकाळी आमच्या टीव्हीसमोर गल्लीतली अकरा लेकरं बसली होती. प्राण्यांच्या पिल्लांचं कार्टून सुरू होतं. कोकरू हरवलं, आईला हाका मारू लागलं आणि अख्ख्या सक्करदऱ्याची लाइट गेली. आली ती कार्यक्रम संपल्यावर.

माझी चार वर्षांची पोरगी जेवेना.

मी म्हणालो, "भेटली वं त्याले आई."

"तुमी पाहिलं का, बाबा?"

"नाही."

"मंग काहून सांगून राहिले?"

जन्मभर मी लोकांच्या थापा पकडल्या. आज पोरीनं माझी पकडली. ती अजून उपाशीच बसली आहे.

शहरातल्या सदर भागात म्हणे लाइट होती. तिथं कुणी शेवट पाहिला असेल, तर याच फळ्यावर लिहा. आणि कोकराला आई भेटलीच नसेल, तर पोरीला काय सांगू, तेही लिहा.