उरलेल्या इंटरनेटचे कुटके

गेल्या वर्षी चार महिने आमच्या घरातून देशोदेशीचे लोक ये-जा करत होते आणि त्यातल्या एकालाही आम्ही चहा विचारला नाही. नांदूरघाटसारख्या गावात ही फार लाजिरवाणी गोष्ट आहे. आमच्याकडे विम्याचा एजंटसुद्धा चहा घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. पण ही माणसं दिसत नव्हती. तारेतून यायची, तारेतून जायची, आणि त्यांना घरात घेणारा मी होतो.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. संगणकाचा तासही माझ्याकडेच आहे, कारण शाळेत पहिला संगणक आला त्या दिवशी त्याची वायर कुठे लावायची ते मी सांगितलं होतं. तेव्हापासून गावात कुणाचा फोन अडकला की तो माझ्याकडे येतो. (मी तो बंद करून पुन्हा चालू करतो. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.) त्यामुळे या विषयातलं आपल्याला सगळं कळतं, असं गावाला वाटायला लागलं आणि हळूहळू मलाही वाटायला लागलं.

आमचे क्रीडाशिक्षक जगताप सर यांनी एकदा मधल्या सुट्टीत मला बाजूला घेतलं.

"सर, घरी नेट हाय ना तुमच्या?"

"आहे की. बाबूभाईचं." बाबूभाई म्हणजे आमच्या गावचे केबलवाले.

"सगळं वापरता?"

"सगळं कसं वापरणार? घरात माणसं तीन."

"मग उरलेलं कुठं जातंय?"

हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत कधी पडला नव्हता. आमच्या घरात शिळ्या भाकरीचे कुटके फोडणीला पडतात, भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जातं, आणि जुन्या धोतराचं पायपुसणं झाल्याशिवाय त्याला मोक्ष नाही. अशा घरात महिन्याच्या महिन्याला इंटरनेट वाया जात होतं! मला मनापासून वाईट वाटलं.

जगताप सरांनी उपाय सांगितला. एक ॲप घ्यायचं. आपलं उरलेलं नेट ते दुसऱ्यांना वापरायला देतं आणि बदल्यात आपल्याला आभासी नाणी मिळतात, म्हणजे ते क्रिप्टो. "आपन काईच करायचं न्हाई. राउटर चालू ठेवायचा अन् बसायचं," ते म्हणाले. काही न करता बसण्याचा माझा अनुभव दांडगा होता, त्यामुळे मी लगेच तयार झालो. (मला जोडल्याबद्दल जगताप सरांनाही काही नाणी मिळाली, हे मला फार पुढे कळलं.)

घरी येऊन मी ॲप सुरू केलं आणि घरच्यांना गोळा करून समजावलं. घरच्यांत माझी बायको शैला, अठरा वर्षं अंगणवाडी सेविका. आणि माझे वडील अण्णा, वय ऐंशीच्या पुढे, ऐकायला उत्तम येतं आणि तेच आमचं दुखणं आहे.

"म्हंजे आपलं नेट कोन वापरनार?" शैलानं विचारलं.

"परदेशातल्या कंपन्या."

"कशाला?"

"त्यांचं काहीतरी काम असेल."

"काय काम, ते इचारलं न्हाई का तुमी?"

मी तिला तंत्रज्ञानाच्या युगाबद्दल थोडं सांगितलं. ती मध्येच उठून भाकरी थापायला गेली.

पहिल्या आठवड्यात नाणी जमली, पण फार थोडी. मग माझ्या लक्षात आलं की आपण वापरतो म्हणून उरत नाही. आपण कमी वापरलं तर जास्त उरेल. शिळ्या भाकरीचे कुटके आवडतात म्हणून ताजी भाकरी खायचीच बंद करावी, तसा हा विचार होता; पण त्या वेळी तो मला फार खोल वाटला. मी नियम केला, की काम असल्याशिवाय घरात कुणी नेट वापरायचं नाही. दोघांच्या फोनचं रिचार्जही मी फक्त बोलण्यापुरतंच ठेवलं होतं, कारण घरात एवढं नेट असताना वरून आणखी कशाला? अण्णांचं फोनवरचं सकाळचं कीर्तन बंद झालं. वीज जायची तेव्हा इन्व्हर्टर राउटरसाठी राखून ठेवायचा, म्हणून पंखेही बंद झाले. अण्णा विंझणा हलवत बसायचे आणि त्यांच्या डोक्यावर, फळीवर, राउटर हिरवा दिवा लावून आरामात असायचा.

शैलाचं मात्र काम होतं, आणि खरं काम होतं. अंगणवाडीच्या मुख्यसेविकेची जागा निघणार होती. परीक्षा होती. अठरा वर्षं तिनं गावातली पोरं वजनकाट्यावर ठेवली, त्यांच्या आयांच्या मागे लागून लागून त्यांना खाऊ घातलं, रजिस्टरं लिहिली. आता तिला वाटत होतं, एकदा आपणही वरच्या पायरीवर जावं. वयाची अट होती आणि ती त्याच वर्षी संपत होती. पुढच्या वेळी ती बसू शकणार नव्हती. एवढी एकच संधी होती, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरीही अभ्यासाचे व्हिडिओ बघायला ती शेजारच्या काकूंच्या ओट्यावर, त्यांच्या नेटवर, जाऊन बसायला लागली आणि मी तिला अडवलं नाही. उलट मनात म्हणालो, बरं झालं, तेवढंच उरलं.

दोनेक महिन्यांनी राउटरचे पाहुणे जाणवायला लागले. संगणकावर काहीही उघडलं, की आधी एक खिडकी यायची: तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा. मग नऊ चित्रं यायची.

"काय म्हनतंय ते?" अण्णांनी विचारलं. त्यांना बाजारभाव बघायचे होते.

"आपण माणूस आहोत का, ते विचारतंय."

अण्णांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "निजामाच्या राज्यात जल्मलो मी. रझाकार बघितले, बहात्तरचा दुष्काळ बघितला," ते म्हणाले, "पर मला असं कुनी इचारलं नव्हतं."

"अण्णा, सुरक्षेसाठी असतं ते."

"कुनाच्या?"

मी चित्रं निवडायला लागलो. चौकातले लाल-हिरवे दिवे निवडा. आमच्या गावात चौक आहे, दिवा नाही. आता दिवा तेवढा धरायचा, का खालचा खांबही धरायचा, यावर आमच्यात मतभेद झाले. अण्णांचं म्हणणं, खांबाशिवाय दिवा उभाच राहणार नाही, तेव्हा खांब धरलाच पाहिजे. आम्ही खांब धरला. नापास झालो. मग आगीच्या बंबासाठी रस्त्याकडेला असतो तो नळ निवडा.

"लाल, बुटका हाय बघ, तो," अण्णा म्हणाले, "पर त्याला पानी येतंय का रोज?"

"परदेशात येत असेल."

"मग त्यानलाच इचार म्हनावं मानूस हाव का ते. ज्याच्या दारात रोज पानी, तो कशाला शानपन शिकंल."

ही चित्रं दिवसाला एकदा, मग पाचदा, मग जेव्हा बघावं तेव्हा यायला लागली. जाणकार म्हणून मी घरच्यांना सांगितलं की इंटरनेट आता फार कडक झालेलं आहे.

जागा निघाल्या. फॉर्म भरायला पंधरा दिवस होते. शैलानं सगळी कागदपत्रं एका निळ्या फाइलमध्ये लावली आणि म्हणाली, "मी तालुक्याला, केजला जाऊन सेंटरवर भरून येते. तिथली पोरगी नीट भरती."

"घरात संगणकाचा शिक्षक असताना तू सेंटरवर जाणार? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं ऱ्हाऊ द्या. तुमी भरता का मग आज?"

आज नको होतं. कागदपत्रं चढवायला नेट लागतं, आणि त्या आठवड्यात ॲपवाल्यांनी दुप्पट नाणी जाहीर केली होती. मी म्हणालो, सुरुवातीला गर्दी असते, थांबू. मधल्या दिवसांत म्हणालो, शाळेत तपासणी आहे. शनिवारी ती पुन्हा विचारायला आली तेव्हा रविवारपर्यंत दुप्पट होतं, म्हणून मी म्हणालो, सोमवार. सोमवार शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचपर्यंत.

सोमवारी मी अर्धी रजा टाकून आलो. शैला अंगणवाडी आटोपून, धुतलेली साडी नेसून माझ्याशेजारी येऊन बसली. फॉर्म घरी बसून भरायचा होता, साडी कुणाला दिसणार नव्हती. पण तिच्या लेखी ते मोठं काम होतं. मी फॉर्मची साइट उघडली. दिवे आले. निवडले. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आले. निवडले. पुन्हा दिवे. मग जिने, मग मोटारसायकली, मग पूल. वीज गेली, पंखा थांबला, राउटर चालू राहिला. घाम पुसत मी पूल निवडत होतो. अण्णा मागून सांगत होते, "त्यो पूल न्हाई, नळी हाय ओढ्यावरची." चार वाजले.

"मी जाऊ का केजला?" शैलानं विचारलं.

"आता पोचशील का तू? होतंय, थांब."

सव्वाचारला चित्रं थांबली. मला हायसं वाटलं. मग पडदा पांढरा झाला आणि त्यावर एकच ओळ आली: तुमच्या जोडणीवरून संशयास्पद हालचाली होत असल्यामुळे प्रवेश थांबवण्यात आला आहे.

मी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. तीच ओळ. राउटर बंद करून चालू केला. तीच ओळ. माझं सगळं ज्ञान एवढंच होतं आणि ते संपलं. शैलानं फाइलची दोरी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मी बाबूभाईंना फोन लावला. ते जवळच्याच खांबावर होते. पाच मिनिटांत आले, चप्पल दारात काढली आणि ती ओळ वाचून माझ्याकडे वळले.

"सर, मी तुमच्याकडं येणारच हुतो. वरून तक्रार आली माझ्याकडं. तुमच्या कनेक्शनवरून रातध्याड कुठं कुठं धडका चालल्यात. कुनी दुसऱ्याचे पासवर्ड लावून बघतंय, कुनी एका मिंटात शंभर तिकिटं काढतंय. सगळीकडं पत्ता तुमच्या घरचा लागतोय. घरात कोन हाय असं?"

घरात मी, शैला आणि विंझणा घेतलेले अण्णा होतो.

मी ॲपचं सांगितलं. सांगताना माझाच आवाज मला कुण्या नापास पोरासारखा ऐकू येत होता. बाबूभाई डोक्याला हात लावून म्हणाले, "अहो सर, ते लोकं आपलं तोंड लपवून तुमचं तोंड लावून फिरत्यात. आता तुमच्या तोंडाला कोन दार उघडंल?"

अण्णांनी विंझणा खाली ठेवला.

"इहिरीवर कुनी पानी भराया आलं तर आपन न्हाई म्हनत न्हाई," ते म्हणाले. "पर कोन हाय ते बघून घेतो. तू न बघताच दोर दिलास. अन् सुनंला घोटभर दिलं न्हाईस."

एवढ्या वर्षांत अण्णा मला पुष्कळ बोलले आहेत, पण इतकं हळू कधी बोलले नव्हते. मला शरम वाटली. नाण्यांची नाही, ॲपचीही नाही. शैला शेजारच्या ओट्यावर अभ्यासाला जायची आणि मी हिशेबानं खूश व्हायचो, त्याची.

"बाबूभाई," शैला उठली, "तुमच्या हापिसात कंप्युटर हाय?"

"हाय की, वहिनी."

"चला."

मीही उठलो. "मी येतो, फोटो किती आकाराचा लागतो ते तुला..."

"तुमी बसा," ती म्हणाली. "राउटर चालू ठिवा अन् बसा."

ती बाबूभाईंच्या स्कूटरवर मागे बसून गेली, मांडीवर निळी फाइल. साडेचार झाले होते. मी आणि अण्णा समोरासमोर बसून घड्याळाकडे बघत राहिलो. राउटर मी बंद केला होता. पाच वाजून गेले. सव्वापाचला ती पायी परत आली आणि हातातला कागद अण्णांच्या पुढे धरला. "भरला," म्हणाली. अण्णांनी कागद उलटासुलटा करून बघितला. "तुला इचारलं का, मानूस हायस का म्हनून?"

"न्हाई. तिथं न्हाई इचारलं."

नाण्यांचंही सांगून टाकतो. ॲप काढून टाकण्याआधी म्हटलं, चार महिन्यांची कमाई तरी घ्यावी. त्यांच्या साइटवर गेलो, तर आमच्या कनेक्शनवरून संशयास्पद हालचाली होतात म्हणून त्यांनीच मला दार उघडलं नाही.

परीक्षा झाली. निकाल लागला. शैला पास झाली आणि पहिल्या काही नावांत होती. गेवराई तालुक्यात नेमणूक मिळाली. बचत गटाच्या बायकांनी समाजमंदिरात सत्कार ठेवला, शाल, श्रीफळ, हार, आणि नवरा म्हणून मलाही फेटा. सूत्रसंचालन जगताप सरांकडे होतं. ते म्हणाले, "यशस्वी स्त्रीच्या पाठीशी एक खंबीर पुरुष असतो," आणि माझ्याकडे हात केला. मी अर्धा उठून नमस्कार केला. पहिल्या रांगेतून अण्णांचा आवाज आला, "पाठीशी कुठं, आडवा व्हता." माईक लांब होता, त्यामुळे फक्त अर्ध्याच गावानं ऐकलं.

मग शैला बोलायला उभी राहिली. तिनं बायकांचे आभार मानले, काकूंच्या ओट्याचे मानले, बाबूभाईंचे मानले, अण्णांचे मानले. मी फेटा सावरून बसलो.

"आणि सरांनी मला फार मोठी गोष्ट शिकवली," ती म्हणाली. "घरात कितीबी जाणकार माणूस असू द्या, बायांनो, आपला फॉर्म आपण भरायचा."

सभागृहात सगळ्यांत आधी टाळ्या मी वाजवल्या, त्याही उभं राहून. ती नक्की काय म्हणाली, ते घरी आल्यावर अण्णांनी मला समजावून सांगितलं.