सवतीच्या दारातून

माझी वहिनी गणवेश शिवायची. शाळा उघडायच्या आधी घरभर कापडाचे ढीग पडलेले असत आणि माझा थोरला भाऊ त्या ढिगांवरून उड्या मारत कामाला निघायचा. तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात, नियतकालिकांच्या विभागात होता. घरी यायला हमखास उशीर. वहिनी म्हणायची, "लायब्ररी कसली, सवत आहे ती माझी." दादा हसायचा आणि मुकाट्याने शर्टांना गुंड्या लावायला बसायचा.

निवृत्त झाल्यावर त्याने घरी संगणक घेतला. संशोधनाचे अंक घरबसल्या वाचता यावेत म्हणून ब्राउझरमध्ये ग्रंथालयाचा प्रॉक्सी घातला. म्हणजे काय, ते मलाही उशिराच कळलं. घरून काहीही उघडलं तरी ते आधी ग्रंथालयाच्या संगणकाकडे जायचं आणि तिथून पुढे. फक्त अंकांपुरतं तसं ठेवता आलं असतं, पण दादाने बातम्या, हवामान, शिवणाचे नमुने, सगळंच तिकडून वळवलं. तिथला जुना सहकारी रस्त्यात भेटला की डोळे मिचकावून विचारायचा, "काय हो, काल घरी गुडघेदुखीवर फार संशोधन झालं म्हणे?"

वहिनी भडकायची. "आता माझे गुडघेसुद्धा सवतीला दाखवा!"

दादा गेल्यावर काही काळ संगणक चालला. मग ग्रंथालयाने जुनी खाती बंद केली. काहीही उघडायला गेलं की पडद्यावर एक चौकोन येऊ लागला. वर ग्रंथालयाचं नाव, खाली आधीच भरलेलं दादाचं नाव, पासवर्डच्या जागी काळे ठिपके. वहिनी एंटर दाबायची. चौकोन जायचा आणि परत यायचा. ती पुन्हा दाबायची. रोज दुपारी तिचं हे चाले.

मी एकदा भीतभीत म्हटलं, "वहिनी, दुरुस्त करून देऊ का?"

"बिघडलंय कुठे? ते विचारतंय, मी ह्यांचं नाव सांगतेय."

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

नंतर माझी पुतणी, वहिनीची एकुलती एक मुलगी, दूरदेशी बाळंत झाली. मुलगी झाली, पण दिवस भरायच्या आधीच. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि तिथलं इस्पितळ रोज थोडा वेळ कॅमेऱ्यातून ते घरच्यांना दाखवायचं. शिवणापायी वहिनीची नजर अधू झालेली. फोनवर तिला नुसता पिवळट डाग दिसायचा. मोठा पडदा हवा होता, आणि मोठ्या पडद्यावर तो चौकोन होता.

पुतणीने मला फोनवर समजावलं. "काका, सेटिंगमध्ये जा. नेटवर्क उघडा. तिथे प्रॉक्सी नको, असं निवडा. झालं."

मी वहिनीला सांगितलं.

"ह्यांचं नाव राहील?"

"नाही वहिनी. नाव विचारणारं दारच राहणार नाही."

तिने शिलाई मशीनचं चाक उगाच फिरवलं. "मग आज असू द्या."

दुसऱ्या दिवशीही तेच. मी चहा पिऊन परत आलो.

त्यानंतर एका दुपारी मी तिथे असतानाच पुतणीचा फोन आला. बाळाचं वजन उतरलं होतं. "आई," ती म्हणाली, "तू एकदा नीट बघून घे गं तिला."

वहिनीने फोन ठेवला. "भाऊजी, काढा ते."

मी बसलो. रकान्यात ग्रंथालयाचा लांबलचक पत्ता होता, दादाने एकेक अक्षर तपासून भरलेला. माझा हात थांबला.

"काय झालं?"

"त्याच्या लायब्ररीचा पत्ता आहे."

"तिचा पत्ता तिला लखलाभ. मला माझी नात दाखवा."

मी काढून टाकला.

पडद्यावर पेटी आली. नळ्या, टोपी, आणि पेन्सिलीच्या टोकाएवढी बोटं. वहिनी इतकी पुढे झुकली की तिचा चष्मा काचेला टेकला.

"बोटं बघा, भाऊजी. गुंडी लावताना ह्यांची अश्शीच मुडपायची."

मला नीट दिसत नव्हतं. मी हो म्हटलं.

नात अजून पेटीतच आहे. वजन कधी चढतं, कधी उतरतं. मी रोज दुपारी जातो. आता पान लगेच उघडतं, कोणी काही विचारत नाही. तरी वहिनीचं बोट आधी एंटरवर जातं. ती दाबते. काहीच होत नाही. ती आणखी एकदा दाबते, आणि मग चष्मा पुसून नातीकडे बघते.