रोह्यातला ‘रिट्रीट’चा पाठ

रोह्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागले ती तात्पुरती. कायम करायचं की पेणला परत धाडायचं, हे एका नमुना पाठावर ठरणार होतं. पाठ सातवीवर, ऐकायला बाहेरून येणारे तपासणीस, आणि शिकवायचं क्रियापद ‘रिट्रीट’. हे कळलं तेव्हा मी एस.टी.त एकटीच इतकी हसले की शेजारच्या बाईंनी जागा बदलली.

अहो, पेणच्या मुलीला मागे सरकणं कुणी शिकवावं? आमचा गणपतीचा कारखाना. ओल्या रंगाच्या मूर्ती दोन्ही बाजूंना, मधे जेमतेम वाट. डोळ्यांची आखणी झाली की नजर कशी आली ते लांबून बघायचं, पण वळायची सोय नाही. वळलं की पदर रंगाला लागलाच. म्हणून मूर्तीकडे तोंड ठेवून, पावलांनी चाचपत मागे जायचं. जाताना ‘मागं येतेय गो’ म्हणायचं, की मागचं माणूस हातातलं काम टाकून बाजूला होतं. मी असं न अडखळता थेट दारापर्यंत जायची. त्याचा मला भारी माज होता.

पाठाच्या दिवशी मुलांना म्हटलं, “पळणारा पाठ दाखवतो. रिट्रीट करणारा समोर बघत मागे हटतो. हे असं.” फळ्याकडे तोंड करून बाकांमधून निघाले. “आय रिट्रीट. आय अ‍ॅम रिट्रीटिंग.” मुलं खिदळायला लागली, मला आणखी चेव आला. सवयीने तोंडातून ‘मागं येतेय गो’ही गेलं आणि मी निर्धास्त झाले. पण रोह्यात कोण बाजूला होणार? शेवटच्या बाकामागे खुर्ची होती, खुर्चीत तपासणीस, त्यांच्या हातात कपबशी. मी बसले ती थेट साहेबांच्या मांडीवर.

“बाई, सायबाचा चहा सांडला,” कुणीतरी शांतपणे कळवलं.

मी सरळ पाठ दाखवून व्हरांड्यात पळाले. नोकरी गेली, हे धरूनच चालले होते. भीती वाटत होती, आणि मेलं हसूही आवरत नव्हतं. आतून साहेबांचा आवाज आला, “रिट्रीट शब्दाचं वाक्य कोण करेल?”

मी खिडकीतून आत डोकावले. मग खाडीकाठच्या गावातून येणारी एक मुलगी उठली. वर्षभरात हिने माझ्या तासाला तोंड उघडलं नव्हतं. “द वॉटर रिट्रीट्स,” ती म्हणाली, “अँड माय मदर गोज टू वर्क.” तिची आई ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्या काढायची, ते मला ठाऊक होतं. माझं हसू थांबलं आणि डोळे भरून आले.

“पुन्हा सांग,” साहेब म्हणाले. तिने आणखी मोठ्याने सांगितलं.

साहेब ओला शर्ट झटकत दारात आले. “बाई, आत या,” म्हणाले. “तुम्हाला कायम करायला सांगतो. फक्त पुढच्या तपासणीला माझी खुर्ची फळ्यापाशी ठेवा.”