कासीमभाईंनी न विकलेलं चित्र

कासीमभाई गेल्याचं मला मंगळवार पेठेत, पानाच्या दुकानासमोर कळलं. वाईट वाटलंच. पण मागोमाग मनात आलं, आता माझ्या त्या चित्राचं काय होणार? संशयी माणसाचं दुःखही सरळ चालत नाही...

त्यांचा धंदा तसबिरींना चौकटी करण्याचा. दुकानाच्या भिंतींवर ते आम्हा चित्रकारांची चित्रं टांगत आणि दुकानाला ऐटीत ‘ग्यालरी’ म्हणत. दरबारच्या मंडळींनी माझं नाव प्रथम वाचलं ते तिथंच. माझी चूल पेटली ती त्यांच्यामुळे, हे मी कधी नाकारलं नाही. पण एक चित्र ते विकेनात. बाजारात पाहिलेली, गुळाच्या गाडीशेजारी बसलेली, पदर दातांत धरून हसू दाबणारी बाई. तसं पुन्हा माझ्या हातून उतरलं नाही. एखाद्या सरदाराच्या दिवाणखान्यात ते लागलं असतं, तर माझं नशीब उघडलं असतं. गिऱ्हाईक विचारी आणि कासीमभाई म्हणत, “त्ये गेलं, पावणं. दुसरं बघा की.” गेलं म्हणावं, तर ते आपलं भिंतीवरच!

“कुणाला दिलंसा?” मी एकदा चिडून विचारलं.

“हाय एक गिऱ्हाईक. तुमी रंगाचं बघा, मास्तर. भिंतीचं मी बघतो.”

पाणी कुठंतरी मुरत होतं. कधी वाटे, गुपचूप नकला करवून घेतोय. कधी वाटे, चित्रकार मेला की भाव चढतो, म्हणून म्हातारा माझ्या मरणावर टपलाय. आणि गेले तेच आधी...

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर त्यांच्या मुलांनी दुकान बंद करायचं ठरवलं. मी चित्र उतरवायला गेलो, तर त्यासमोर घोंगडं खांद्यावर टाकलेला एक शेतकरी उभा. हाच तो नकला करून नेणारा चोर, असं समजून मी दरडावलं, “काय पाहिजे?”

“काय न्हाय जी. ही माझी मालकीण. पलेगात गेली.” त्यानं खांद्यावरचं घोंगडं सावरलं. “घरात दुसरी हाय. तिच्या म्होरं हिला कशी टांगू? भाई म्हणालं, हितंच ऱ्हाऊ दे, बाजारादिवशी येत जा. कुनाला सांगत न्हाय... आता ही कुठं जायाची?”

चित्र विकणारा मला दुसराही कुणी भेटला असता. ते न विकणारा हा एकच भेटला. कासीमभाई, तुमचे उपकार मी फार उशिरा ओळखले. शेतकऱ्याला मी माझ्या घराचा पत्ता सांगितला. त्याच्या गावाचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही.

चित्र घरी आणलं आणि संशयाची पाळी बायकोची आली. कोण ही, कुठली, इतकी जपून का आणलीत? मी काही सांगितलं नाही, तशी ती दोन दिवस धड बोलली नाही. बाजारादिवशी तो आला. पायताण बाहेर काढून चित्रासमोर बसला आणि हळू आवाजात पिकाचं, पोरांचं सांगू लागला. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मग तिनं माझी बाही ओढली.

“तुम्ही आत या जरा. दोघांना बोलू दे की.”