जिन्याखालची माती

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, त्या वाईट वर्षांत आमच्या जिल्ह्यात जेवढ्या जीपा फिरल्या, तेवढ्या निवडणुकीतही फिरत नाहीत. आमच्या वाट्याला आलेल्या जीपच्या दारावर दोन बोधचिन्हं होती. एक लांबच्या शहरातल्या विद्यापीठाचं, दुसरं एका स्वयंसेवी संस्थेचं. शाश्वत विकासासाठी दोघांचा करार झाला होता. मी वणीची, समाजकार्याची पदवी नुकतीच हातात पडलेली. मला संस्थेनं क्षेत्र समन्वयक म्हणून नेमलं. उन्हात फिरायचं काम माझं होतं. विद्यापीठाचे सर वर्षभरात गावात एकदा आले. संस्थेच्या ताई दोनदा आल्या, त्यातही दुसऱ्यांदा आल्या त्या पहिल्या वेळचे फोटो नीट आले नव्हते म्हणून.

आमच्या वाट्याचं गाव मुकुटबनच्या पलीकडचं. समाजमंदिरात पहिली सभा झाली. सरांनी बाटलीबंद पाण्याचा घोट घेत 'शाश्वत' या शब्दावर पाव तास घालवला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, "शाश्वत म्हंजे टिकाऊ का जी?"

"त्याला अनेक पैलू आहेत," सर म्हणाले.

"असतीन. माह्या वावराच्या खालच्या कोपऱ्यात पऱ्हाटी दरसाल लाल पडते. काहून पडते, एवढं सांगा."

तिचा नवरा राजूरच्या कोळसाखाणीत होता, सुटीपुरता घरी यायचा. चार एकर ती एकटीच बघायची. सरांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि जाहीर केलं, की गावातल्या प्रत्येक वावराची माती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासली जाईल. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

माती मीच गोळा केली. वैशाखात, पऱ्हाट्या उपटून झाल्यावर. एका वावरात आठ-दहा जागी वीतभर खड्डा करायचा, कडेची माती खरवडून घ्यायची, ती सावलीत वाळवून एकत्र करायची आणि अर्धा किलो कापडी पिशवीत भरायची. आत चिठ्ठी, वरून सुतळीची दुहेरी गाठ. त्या बाईनं स्वतः खड्डे खणले. लाल पडणाऱ्या कोपऱ्याची माती वेगळी दे म्हटल्यावर तिनं ती चाळून, खडे वेचून दिली. डाळ निवडावी तशी. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तेवढा साफ नकार दिला. "माही माती माह्या वावरातच राहू द्या," म्हणाला. मी यादीत त्याच्या नावापुढे 'नमुना नाही' असं लिहिलं.

पिशव्या जीपमधून गेल्या. पेरणी झाली, निंदण झालं. दर फेरीला ती बाई विचारायची, "आलं का मातीचं?" मी फोन करायचे. ताई म्हणायच्या, "प्रक्रिया सुरू आहे." पोळ्यानंतर तिचा कोपरा पुन्हा लाल पडला.

वर्ष सरताना शहरात, विद्यापीठातच, कार्यशाळा झाली. थंडगार सभागृह, मागे भलामोठा फलक, त्यावर आमच्या गावातल्या बायका हसताना. जाड कागदाचा अहवाल वाटला. त्यात मातीचा तक्ता होता. मी आमचं गाव शोधलं. सगळी वावरं ओळीनं होती, प्रत्येकापुढे आकडे. नकार देणाऱ्या म्हाताऱ्याच्या वावरापुढेही होते, दशांश चिन्हासकट.

जेवणाच्या सुटीत मी सरांच्या विभागात गेले. तिथला शिपाई आमच्याच जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा निघाला. मातीच्या पिशव्या विचारल्या तर म्हणाला, "त्या? जिन्याखाली हायेत. कोनी खोलल्याच नाही." झाडू, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या समारंभाच्या हारांच्या ढिगाखाली माझ्या पिशव्या होत्या. दुहेरी गाठी जशाच्या तशा.

सर ताईंसोबत गुलाबजाम खात होते. मी म्हाताऱ्याच्या वावराचे आकडे दाखवले. सर जराही गडबडले नाहीत. "आपण सरासरी धरली आहे. त्या पट्ट्यात माती साधारण सारखीच असते."

"पण सर, तिथली माती मी आणलीच नव्हती."

"अहवाल धोरणासाठी असतो. एकेका वावरासाठी नसतो."

ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू भावनिक होतेयस. भागीदारी टिकली पाहिजे, बाकी सगळं दुय्यम." त्या दोघांच्या तोंडून मी ऐकलेली ती पहिली खरी गोष्ट. टिकवायची होती ती भागीदारीच. माती, पऱ्हाटी आणि आम्ही तिच्यासाठी लागणारं सामान होतो.

शिपायानं मला पोतं दिलं. "न्या सगळ्या. मले झाडू माराले अडचण होते." गाडीची वेळ होईपर्यंत मला ढिगाखालून अकराच काढता आल्या. त्यातली एक लाल कोपऱ्याची होती.

गावात जाऊन मी सगळ्यांदेखत सांगितलं, की तपासणी झालीच नाही. वाटलं होतं, लोक सरांना शिव्या देतील, मीही त्यांच्यासोबत देईन. ती बाई माझ्याकडेच वळली.

"थो सर माह्या वावरात आलता का? तू आलती. माती तुले देल्ली म्या. मंग सालभर 'येते, येते' कायले म्हणत राह्यली?"

 सरांचा तिरस्कार करणं सोपं होतं, आजही करते. पण फोन ठेवून प्रत्येक वेळी गावात खोटी आशा मीच वाटली होती, आणि पगार घेऊन वाटली होती.

दोन दिवसांनी आम्ही दोघी एसटीनं यवतमाळला गेलो, सरकारी माती तपासणी केंद्रात. तिथल्या वयस्क अधिकाऱ्यानं पिशव्या घेतल्या, लाल कोपऱ्याची चिठ्ठी वाचली आणि तिलाच विचारलं, "त्या कोपऱ्यात पाणी साचतं का?"

"साचते ना जी. पाच-सहा दिवस हालत नाही."

"मग आधी चर काढा. मुळ्या गुदमरतात. अहवाल येईल तेव्हा खताचं बघू."

एवढंच. हा प्रश्न विचारायला ना करार लागला होता, ना फलक.

अहवाल खरोखरच आले, साध्या कागदावर, अकरा. मी राजीनामा पाठवला, सोबत विद्यापीठाला चार पानी पत्र लिहिलं. राजीनाम्याची पोच आली, पत्राची आली नाही. त्यांचा करार पुढं वाढवला गेला, ताईंना कुठलासा सन्मान मिळाला. आमचं गाव त्यांनी यादीतून काढून टाकलं.

बाईनं नवऱ्याच्या सुटीत चर खणला. पुढल्या हंगामात कोपरा बराच हिरवा राहिला. मात्र त्या साली पाऊसच कमी होता, तेव्हा चराचा गुण किती नि कमी पावसाचा किती, ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. सर असते तर त्यांनी तेही दशांशापर्यंत सांगितलं असतं.